जवारीची कानस

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या नाथाजींच्या हाताखाली माझी एकतीस वर्षं गेली. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा केसभर घासला की आवाज खुलतो. त्याला जवारी काढणं म्हणतात. हे नाजूक काम धनी फक्त माझ्याकडूनच करून घेत. दुसऱ्या कुणी मला उचललं की ते ओरडत, "ठेव ती खाली!" तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

मग कडेगावची शिवांजली शिकायला आली. तंबोऱ्याचा भोपळा कसा निवडायचा, लाकूड ठोकून कसं पारखायचं, ती सारखं विचारायची आणि धनी हसून सांगायचे. माझ्याशी ते कधी एक शब्दही बोलले नव्हते. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दुसऱ्या वर्षी मात्र धन्यांनी तिला नवं काही दिलंच नाही. रोज तेच, पॉलिश पेपरने लाकूड घासणं.

"काका, जवारी कवा शिकवणार?"

"अजून हात बसला न्हाई तुझा."

मी सुखावले. खरं कारण मला ठाऊक होतं. धन्यांचा कान मंदावला होता, तारेतला बारीक फरक त्यांना कळेनासा झाला होता आणि ते हे लपवत होते.

एके दिवशी ती आलीच नाही. सांगलीत मोबाइलच्या दुकानात कामाला लागली म्हणे. आता धनी पुन्हा माझे एकटीचे! पण त्या आठवड्यात आम्ही तीन घोड्या जास्त घासून वाया घालवल्या. धन्यांनी मला खाली ठेवलं आणि फोन लावला.

"पोरी, हात हाय, पण कान गेला माझा. तुला सांगायची लाज वाटली."

दुपारी ती दारात उभी राहिली. डोळे भरलेले होते.

"आवं काका, मला वाटत हुतं, मलाच काय येत न्हाई!"

"चुकलं माझं."

"आता तुमी घासा, मी ऐकते."

तेव्हापासून दर शनिवारी चहा घेताना ती पुढं काय शिकायचं ते सांगते आणि आपण कुठं अडलो ते धनी सांगतात. तीन महिन्यांनी त्यांनी मला तिच्या हातात दिलं. मुद्दाम घसरावं, असं माझ्या मनात आलं. पण ती एक हात फिरवायची, थांबायची, तार छेडून ऐकायची. इतक्या धीरानं मला कुणी वापरलं नव्हतं. तार घुमली. धन्यांनी भोपळ्यावर तळवा टेकवला.

"लय ग्वाड असणार. व्हय ना?"

"व्हय काका."

मित्रांनो, माझ्या दातांत अडकलेला भुसा रोज झाडावा लागतो, नाहीतर मी नुसती घसरते. शिकवणाऱ्यानं आणि शिकणाऱ्यानंही मनात अडकलेलं वेळच्या वेळी बोलून टाकावं. आता मला शिवांजलीच झाडते. तेवढा वेळ मी तिच्यावर जळायचं विसरते.