खाडीत उतरलेला डोंगर

"मॅडम, ही माती खाडीची नाय," हिराबाई म्हणाली.

वैतरणेच्या खाडीला ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांमध्ये गुडघाभर चिखलात उभं राहून तिने गाळाचा नमुना घ्यायची नळी उपसली होती. निशा मॅडम गाळाचा अभ्यास करत. चार वर्षं हिराबाई नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात असलेल्या पोशेऱ्याहून त्यांच्याकडे मजुरीला येत होती. कुठला गाळ पिठासारखा, कुठला चिकट, कुठला कचकचणारा, ती बोटांत चोळून सांगायची. प्रयोगशाळेत बहुधा तेच निघायचं.

आज काळ्या चिकणमातीवर चार बोटं जाड, तांबूस, भरड थर होता. त्यात कणीसारखे पांढरे खडे.

"हे खडे आमच्या पाड्यावरच्या उतारात हायेत. लगीन होऊन आले तवापासून बघते."

"असा मुरूम बऱ्याच ठिकाणी असतो, हिरामावशी."

"आसंल. पण दरसाल नुसता मऊ गाळ यायचा. औंदा डोंगर कशाला आला?"

मॅडम नळीवर तारीख लिहीत होत्या. त्यांचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी हिराबाई पाड्यावरचा उतार चढून गेली. उन्हाळ्यात रस्त्यासाठी त्याचा पायथा कापला होता. वर गवतात लांबच लांब भेग पडली होती. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. चार दिवस पाऊस नव्हता, तरी खालचा ओहोळ गढूळच वाहत होता.

तिने भेगेचं सांगताच मॅडमनी दोन सरकारी कचेऱ्यांत फोन केले. सोमवारी पाहणीला माणूस येईल, असं उत्तर मिळालं.

पाड्यात सात घरं. घरं सोडा म्हणत हिराबाई घरोघर फिरली. शेजारची रुपी कुरकुरत का होईना, कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन उतारापासून लांबच्या शाळेकडे निघाली. तिच्यामागे बाकीचे. राहिला हिराबाईचा दीर, नवसू. नवरा गेल्यापासून तिचं शेत तोच करत होता.

"वहिनी, खाडीतली माती बघून घर सोडू?"

"हसशील तर हस. पण चल."

"भात पोटरीत आलाय, आता कणसं फुटतील. मी नसलो तर डुकरं एक काडी ठेवणार नाहीत. सोमवारी ते साहेब येतील, ते बोलले तर येतो."

तिने त्याचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला.

शनिवारी पाऊस सुरू झाला. रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर चहा उकळत असताना आवाज आला. दगडांनी भरलेला ट्रक कुणीतरी सावकाश रिकामा करावा, तसा. मग काहीच नाही. पाखरंसुद्धा गप्प.

दुपारी माती उपसायचं मशीन आलं. "नवसूचं घर नक्की कुठं होतं?" गमबूट घातलेल्या माणसाने विचारलं. जो तो वेगळ्याच दिशेला बोट दाखवू लागला. झाड नव्हतं, वाट नव्हती, शेताचा बांध नव्हता.

"हितं," हिराबाई म्हणाली.

माणसं फावडी घेऊन पुढे झाली. तिने आधी चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि मगच त्या चिखलावर पाऊल टाकलं.