आईच्या तळहातातल्या काचेच्या सुया

आईने दुधाचं पातेलं माझ्या समुद्री स्पंजाने घासलं. यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना.

तिची चूक म्हणावी, तर आमच्या केळझरात वाळल्या गिलक्यानेच भांडी घासतात. शेतातली जून गिलकी, म्हणजे घोसाळी, आई कुंपणाच्या भिंतीवर वाळत घालते आणि आतली जाळी मोरीवर वापरते. आणि मी शहाणी, पीएचडी करणारी! दक्षिण महासागराच्या तळातून आलेला तो अंगठ्याएवढा तुकडा प्रवासात दमट झाला म्हणून त्याच भिंतीवर उन्हाला ठेवला आणि आत चहा पीत बसले. दिवाळीच्या सुट्टीत काम घरी आणायची हौस माझीच होती.

तो तुकडा म्हणजे माझा अख्खा विषय होता. दिसायला अगदी सारख्या अशा दोन जाती. एक बर्फाखालच्या खडकाला चिकटून राहते, दुसरी खूप खोल, थंडगार गाळात. दोघींच्याही अंगात काचेच्या सरळ सुया असतात, पण खडकावरच्या जातीच्या अंगात आकडीसारखे वळलेले बारीक काटेही असतात. आकडी दिसली की जात ठरली आणि तिचं घरही ठरलं. सोमवारपर्यंत हे सांगितलं नाही, तर विषय दुसऱ्याला देईन, असं हरिदास सरांनी बजावलं होतं. माझे मार्गदर्शक थट्टा करणारे नव्हेत.

"आई, मले विचारता नाई आलं का तुले?" मी ओरडले.

"मले का मालूम वो? गिलकंच वाटलं. दोनदा घासलं तं भुगाच झाला त्याचा." ती हात पदराला पुसत म्हणाली.

मोरीचं पाणी पाटाने थेट वांग्याच्या वाफ्यात जातं. मी वाफ्यात गुडघे टेकून चिखल उपसला, चाळणीत धुतला, कॉलेजातून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वाळू, मुळं, राख. मला रडू फुटलं, आणि बांधावर उभी असलेली आई कावरीबावरी झाली.

"काय हरपलं ते तरी सांग, पोरी. मी बी पाह्यतो. हात तेवढे चुरचुरून राह्यले, नाई तं कवाच आली असती."

चुरचुरून! मी धावत जाऊन तिचा हात उन्हात धरला. कातडीत काहीतरी चमकत होतं. चिमट्याने ओढून पाहिलं, तर सरळ, स्वच्छ, काचेची सुई. स्पंजाचीच! मी आनंदाने किंचाळले. दुसरीही सरळ निघाली. तिसऱ्या वेळी वांग्याचा काटा निघाला, कधीचा कोण जाणे. मग मी शिवणाच्या सुईच्या टोकाने कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर घ्यायला लागले.

"काढ, काढ. मले काई दुखत नाई," आई म्हणाली.

दुखत होतं. प्रत्येक वेळी तिच्या पायाची बोटं आखडत होती, ते मला दिसत होतं. तरी मी थांबले नाही. सरळ सुई, पुन्हा सरळ सुई. आकडी दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच, असंही म्हणता येईना. इतके बारीक काटे पाण्याबरोबर वाहूनही गेले असतील. शेवटी काचपट्टीवर नुसतं रक्त दिसायला लागलं.

"नसंन भेटलं तं हा घे." आईने दुसरा हात पुढे केला. "घासताना ह्याच हातानं दाबलं होतं मी."

मी चिमटा खाली ठेवला.

"भेटलं, आई."

"भेटलं?" तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिने कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली, "वो उज्वला! गुंजनचं काम झालं वो! माह्या हातातूनच निघालं!"

मी तिचे दोन्ही हात माझ्या ओंजळीत धरले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

"आता काऊन रडून राह्यली?" आई म्हणाली. "भेटलं ना?"