पायाखालची फळी

दादाने बँड मोडला तो एका ओळीच्या मेसेजवर. ‘यापुढे मी एकटाच वाजवणार.’ बस्स, ना कारण, ना माफी. ड्रमवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र, बेस गिटार वाजवणारा माझा सख्खा नवरा, आणि दोघांनाही ही बातमी मोबाईलवर कळली. माझ्या नवऱ्याला सगळे मिशा म्हणतात. तो खोलीत शिरतो तेव्हा आधी मिशा येतात आणि मागून तो. वरचा ओठ त्याला आहे की नाही हे लग्न होऊनही मला माहीत नव्हतं. चहा प्यायला की अर्धा मिशाच पितात. असा हा धिप्पाड माणूस त्या दिवशी स्वयंपाकघरात मोबाईल हातात धरून उभा होता आणि मला विचारत होता, “मी काय चुकलो गं?”

त्यानंतर दोन वर्षं त्याने दादाचं नाव तोंडातून काढलं नाही. माझा मात्र भाऊच, त्यामुळे मी भांडत भांडत का होईना, बोलत राहिले.

आणि झालं काय, तर लोकांनी दादाला डोक्यावर घेतलं! एक साधी गिटार, एक खुर्ची, पायाखाली कुठल्याशा जुन्या कपाटाची फळी आणि घसा बसल्यासारखा त्याचा आवाज. ब्लूज म्हणजे अमेरिकेतली ती दुखरी गाणी, हे धड माहीत नसलेली माणसंही हॉटेलात त्याच्यासमोर बसली की चमचे खाली ठेवायची. कोणी म्हणे काय हा साधेपणा, कोणी म्हणे किती धीट. मी म्हणायचे, भाव खातोय. फोन केला की उचलायचा नाही, मेसेज करायचा. लहानपणी पंख्याची घरघर कुठल्या सुरात आहे ते सांगणारा हा माणूस आता गिटार सुरात लावायला तिच्या टोकाला चिमट्यासारखं यंत्र अडकवून त्याचा हिरवा दिवा बघत बसायचा. आईचा तर तो लाडकाच. “या घरात माझं ऐकून घेणारा तोच एक आहे,” असं ती माझ्याच तोंडावर म्हणायची.

तर असा हा दादा त्या दिवशी सकाळी मी काम करते त्या स्टुडिओत फळी काखेत मारून आला. मी आवाज रेकॉर्ड करते. स्टुडिओचे मालकच रेकॉर्ड काढणार होते, पण त्यांची अट होती: दादाने क्लिकवर वाजवायचं. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये ठरावीक लयीत होणारी टकटक. ती पाळून वाजवलं की मागाहून त्यावर ड्रम, बेस, जे हवं ते नेमकं बसवता येतं. दुपारी बेस बसवायला मिशा येणार होता; मीच विनवण्या करून त्याला तयार केलं होतं. मालकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “एकटी गिटार कोण विकत घेतो? क्लिकवर वाजवेल तर रेकॉर्ड निघेल, नाही तर त्याला घरी पाठव.” दादाला एकट्याचीच रेकॉर्ड हवी होती. मला मालकांचं पटत होतं. खरं सांगायचं तर, मिशाला पुन्हा त्याच्या गाण्यात घुसवायची ही संधी मला सोडायची नव्हती.

“आज नखरे नकोत,” मी त्याला दारातच बजावलं.

“बघू, ठमे,” तो म्हणाला. मी चाळिशीला आले तरी याच्यासाठी ठमीच.

त्याला खोलीत बसवून मी काचेच्या या बाजूला माझ्या जागेवर आले. काच अशी की पलीकडे कोणी ड्रम बडवला तरी इकडे कळत नाही. बोलायचं ते बटण दाबून, त्याच्या हेडफोनमध्ये. मी क्लिक सुरू केला आणि दादाने वाजवायला सुरुवात केली. क्लिक एकीकडे, दादा भलतीकडेच.

“क्लिक येतोय ना रे?” मी बटण दाबून विचारलं.

त्याने काचेतून माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. “मस्त येतोय.”

पुन्हा तेच. आणखी एकदा, पुन्हा तेच. माझं डोकं तापायला लागलं. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय, मालकांना कंटाळा यावा म्हणून. शिवाय त्या फळीवरची त्याच्या पायाची धप्प धप्प सगळ्या माइकमध्ये शिरत होती. शेवटी मी आत गेले, फळी काढली आणि जाड गालिच्याची दुहेरी घडी करून पायाखाली सरकवली.

“फळी राहू दे ना,” तो म्हणाला. एवढ्या अजिजीने तो कधी बोलत नाही, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

“नाही म्हणजे नाही.”

मी परत आले, क्लिक लावला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो कोसळला. खुर्चीवरून नाही, गाण्यातून. जन्मात कधी लय न चुकलेला माणूस. त्याचा अंगठा पुढे धावत होता, गळा मागे राहत होता. मध्येच ओळ अर्धी सोडून तो थांबला आणि स्वतःच्या पायाकडे बघत राहिला.

नाटकं! मी तरातरा उठले. आज याला असा झापायचा की आईपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, असं ठरवूनच दार ढकललं. तो दाराकडे पाठ करून, हेडफोन मानेत सरकवून, वाकून, हिरवा दिवा बघत खुंटी पिळत होता. माझ्या चपलेखाली काहीतरी टणक आलं. खाली बघितलं तर त्याच्या हेडफोनची पिन. जमिनीवर पडलेली. भिंतीतल्या खोबणीत ती लावायची मीच सकाळच्या गडबडीत विसरले होते.

म्हणजे क्लिक त्याच्या कानात गेलाच नव्हता. मग मस्त काय येत होतं?

आधी मला स्वतःचाच राग आला. मग पुढचं ध्यानात आलं. क्लिकचं सोडा, मी याच हेडफोनमधून सकाळपासून त्याच्याशी बोलत होते. पाणी हवंय का विचारलं, तो नको म्हणाला होता. पंखा बंद करू का विचारलं, कर म्हणाला होता. पिन तर जमिनीवर! आणि त्या काचेतून आवाज येत नाही, कोणाचाच येत नाही. त्याने मला उत्तरं दिली कशी?

“दादा,” मी म्हणाले.

तो खुंटी पिळत होता.

“दादा!”

मी त्याच्या पाठीपासून हातभरावर उभी होते. तोंडाला आलं ते ओरडले, “दादा, आग लागलीये! तुझ्या मागे आग लागलीये!”

त्याने खुंटी आणखी जराशी पिळली. हिरवा दिवा लागला, तसा तो समाधानाने सरळ बसला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो असा दचकला की गिटार माइकच्या दांड्यावर आपटली. त्याने माझं तोंड पाहिलं, मग माझ्या पायाशी पडलेली पिन. एकदम म्हातारा दिसला.

“कधीपासून?” मी विचारलं. आणि तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हताच. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

“बरीच वर्षं झाली. आधी वरचे सूर गेले. मग माणसांचं बोलणं. आता खालचं थोडंसं कळतं, तेही छातीला लावलं की.” त्याने गिटार पोटाशी ओढून घेतली. “आणि फळीवर पाय पडला की धक्का गुडघ्यापर्यंत येतो. त्यावर बाकीचं पेलतं. तू गालिचा टाकलास, मग काही राहिलंच नाही गं.”

“डॉक्टर?”

“झाले. कानाचं मशीनही आहे कपाटात. माणसं जरा बरी कळतात, पण गिटार पत्र्यासारखी वाजते.”

“आणि आई? तिचं रोज एवढं ऐकतोस ते?”

“आईला ऐकणारा नको असतो, ठमे. मान हलवणारा हवा असतो.”

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. मी, जी दुसऱ्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक माइकमध्ये आली तरी काम थांबवते, तिला स्वतःचा भाऊ बहिरा झालेला कळला नाही! मी मटकन त्या गालिच्यावर बसले.

“म्हणून बँड मोडलास?”

“ड्रम सुरू झाला की सगळंच थरथरायचं. त्यातलं माझं कुठलं, त्यांचं कुठलं, कळेना. शेवटच्या कार्यक्रमात बाकीचे थांबले आणि मी वाजवतच राहिलो. आठवतं?”

आठवत होतं. लोकांना वाटलं मुद्दाम केलं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या.

“मिशाला तरी सांगायचंस!”

“सांगितलं असतं. तो काय बोलला असता, ते मला कळलं असतं का? त्या मिशांतून एक अक्षर दिसत नाही. त्याच्याशी बोलायचं म्हणजे झाडूशी बोलायचं.” मग जरा थांबून तो म्हणाला, “एक विचारू? लोक म्हणतात, तू एकटा वाजवतोस ते फार छान वाटतं. खरंच वाटतं का? मी ते कधी ऐकलंच नाहीये.”

मी उठले, गालिचा भिरकावला, फळी जागेवर ठेवली, हेडफोन त्याच्या मानेतून काढून घेतले. बाहेर येऊन क्लिक कायमचा बंद केला आणि त्याला हाताने खूण केली.

मग मी ऐकलं. दोन वर्षं रागाने कान बंद होते ते उघडे ठेवून ऐकलं. अंगठा खालच्या जाड तारेवर पडत होता, फळीवर पाय पडत होता, आणि या दोन्हींच्या मध्ये भरपूर मोकळी जागा होती. ती भरायची त्याला काही घाई नव्हती. बोट तारेवरून सरकतानाची किरकिर, ओळीच्या आधी घेतलेला श्वास, खुर्चीची कुरकुर, मी एरवी पुसून टाकते ते सगळं तिथे होतं. तो गात होता आणि वाटत होतं की कोणीतरी अंधारात भिंतीला हात लावत लावत घर ओळखतंय. त्याचं तसंच चाललं होतं, हे आता मला माहीत होतं. गाण्यामागून गाणं तो वाजवत गेला आणि मी एकदाही त्याला थांबवलं नाही.

दुपारी मिशा बेस खांद्याला लावून आला. काचेपलीकडे दादा बसला होता, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाला, “लाव.”

मी लावलं. पहिल्या गाण्यात त्याने बेसच्या बॅगेची चेन उघडली. दुसऱ्यात हात तसाच राहिला. तिसरं संपलं तेव्हा त्याने चेन परत लावली.

“याला क्लिक नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“यात मी कुठे बसू? हा अंगठ्याने बेस वाजवतोय आणि पायाने ड्रम.” त्याने बेस कोपऱ्यात टेकवला. “हलकट! माझ्याशिवाय इतकं चांगलं वाजवतो.”

त्यानेच मालकांना फोन लावला. “मी यात एक सूरही घालणार नाही,” त्याने सांगितलं. मालक तडकले. मी फोन स्पीकरसमोर धरला आणि एक अख्खं गाणं ऐकवलं.

“तो धप्प आवाज कसला?” मालकांनी विचारलं.

“त्याचा पाय.”

“राहू दे. सगळंच तसं राहू दे.”

दादा दारात येऊन उभा होता. मी त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं, “एकटाच.” त्याने डोळे मिटले, उघडले, आणि मग मिशाकडे वळला.

“मिशा, मला ऐकू येत नाही. बँडमध्ये होतो तेव्हापासून. तू काही चुकला नव्हतास.”

त्याच्या मिशा हलल्या. दादाने माझ्याकडे पाहिलं. मिशांनी पुन्हा तेच म्हटलं, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, ओरडून.

“ओरडू नकोस रे,” दादा अगतिक होऊन म्हणाला. “दिसतच नाहीये.”

मिशाने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, पाठ फिरवली आणि दार आपटून निघून गेला. दार आपटलेलं दादाला पायातून कळलं असावं.

“गेला,” तो म्हणाला.

मी वायरी गुंडाळत बसले, तो फळी पुसत बसला. बेस कोपऱ्यात तसाच पडला होता.

मग दार उघडलं आणि मी किंचाळलेच. आत एक परका माणूस शिरला होता. नवऱ्याचा शर्ट, नवऱ्याचं पोट, आणि वर एक पांढराफटक, उघडाबोडका ओठ, एका जागी ब्लेड लागून रक्त आलेला. खालच्या सलूनमधली पावडर अजून गालावर होती. मिशांशिवाय त्याचं तोंड लहान मुलाचं वाटत होतं.

तो दादासमोर जाऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत त्याने मघाचाच प्रश्न विचारला.

“मला का नाही सांगितलंस?”

दादा त्या ओठाकडे बघतच राहिला.

“लाज वाटली रे,” तो म्हणाला.

मिशाने स्टूल ओढलं आणि तो दिव्याखाली, तोंड नीट दिसेल असा, त्याच्यासमोर बसला.