प, ब, म

“बाबा,” पायल म्हणाली. सत्यवती मॅडमना कळलं नसेल म्हणून तिने वरच्या ओठावरून बोट फिरवून मिशीही दाखवली.

अमरावतीतल्या, कर्णबधिर मुलांना ओठ वाचायला आणि बोलायला शिकवणाऱ्या त्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. आईबाप येत होते, वसतिगृहातली पोरं घरी निघत होती. नऊ वर्षांची पायल सकाळपासून भरलेल्या बॅगेवर व्हरांड्यात बसून होती. तिचे बाबा धर्मपाल दर सुट्टीला चांदूर बाजारकडून मोटारसायकलवर तिला न्यायला यायचे. ते जुलैमध्ये वारले. छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. घरच्यांनी पोरीला नेलं नाही, घाबरेल म्हणाले. शाळा म्हणाली, आम्ही कसं सांगणार, घरच्यांनीच सांगावं. थोडक्यात, कोणीच सांगू नये याची चोख व्यवस्था झाली होती.

सत्यवतीने बाजूला जाऊन पायलच्या आईला फोन लावला.

“आरतीताई, तिला सांगितलं होतं ना तुम्ही?”

“सांगतलं ना मॅडम. सासूबाईनं सांगतलं व्हिडिओवर, बाबा गेले म्हनून. तोंड चांगलं उघडून सांगतलं, तुमी शिकवलं तसं. पोरगी हासली. आमी म्हनलं, लेकरू हाय, काय समजते त्याले.”

“आणि काल?”

“काल म्या सांगतलं, मामा येते घ्याले.”

मामा. सत्यवतीने कपाळावर हात मारला. दर वर्षी नव्या पालकांना ती घसा कोरडा होईस्तोवर सांगते, की प, ब आणि म ओठ मिटूनच निघतात, बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून पाहा. पालक माना डोलावतात, चहा पितात आणि गावी जातात.

पण मामाचं एक वेळ निस्तरता आलं असतं. ‘गेले’ हे सत्यवतीचं स्वतःचं काम होतं. ग घशात तयार होतो, ओठांवर दिसत नाही. चमच्याच्या दांड्याने जीभ मागे सारून सारून तो पायलच्या तोंडून निघायला वर्ष लागलं. निघाला तेव्हा मॅडमनी हौसेने वाक्यं घेतली. बाबा गेले. बाबा आले. दर सुट्टीला दोन्ही वाक्यं खरी व्हायची. गेलेला माणूस येतोच, हे पोरगी व्याकरणासकट शिकली होती. सत्यवतीला भयंकर राग आला, आणि तो काढायला कोणी नव्हतं.

ती पायलसमोर खाली बसली, तोंडावर उजेड येईल अशी.

“बाबा नाहीत.”

पायलने मान हलवली. आता नाहीत, खरं आहे. तिने फाटकाकडे बोट दाखवलं.

सत्यवतीने डोळे मिटून मान कलती केली. पायलने लगेच तळवे जोडून गालाखाली धरले. झोपले?

वारले, निवर्तले, आपल्यातून निघून गेले. मरणासाठी सभ्य माणसांनी केलेले सगळे शब्द ऐकू येणाऱ्यांच्या सोयीचे आहेत. पायलला त्यातला एकही येत नव्हता. तिला येणारा शब्द वर्गातल्या तक्त्यावर, पाय वर करून पडलेल्या उंदराच्या चित्राखाली लिहिलेला होता. उंदीर मेला. आपल्याकडे कोणाच्या बापाबद्दल असं बोलत नाहीत, आणि लेकराच्या तोंडावर तर नाहीच नाही. सत्यवतीने पायलचं बोट धरून स्वतःच्या नाकाला लावलं, म-चा कंप कळावा म्हणून.

“बाबा मेले.”

पायल बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. बाबा आणि उंदीर! मॅडमचीच चूक झाली होती. वर्गात मॅडम जसं करायच्या तसंच तिने सत्यवतीची हनुवटी धरली, तोंड मोठं उघडलं आणि सावकाश सांगितलं, “गे-ले.”

ग अगदी स्पष्ट होता. एरवी सत्यवतीने वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या असत्या.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि आरतीचा भाऊ नितेश उतरला. पायल उठली, मामाच्या अंगावरून पलीकडे पाहिलं, ऑटोत वाकून पाहिलं, आणि परत येऊन बॅगेवर बसली.

“चाल वं बाई,” नितेश म्हणाला. पायल हलली नाही. “मॅडम, तिले सांगा ना. बस निंगून जाईन.”

“सांगितलं मी. नाही समजलं तिला.”

“मंग राहू द्या. घरी फोटोले हार घातला हाय. पाहीन तं समजन.”

सत्यवतीने ते घर पाहिलं होतं. भिंतीवर दोन फोटोंना हार असायचा, एक बुद्धांचा आणि एक बाबासाहेबांचा. त्या रांगेत तिसरा हार पाहून पोरगी काय समजणार होती? आपला बाप फार मोठा माणूस झाला, एवढंच.

नितेशने बॅग ओढली. पायल किंचाळली, आणि आवारातले सगळे पालक वळून बघायला लागले. त्याने घाबरून हात सोडला.

“मॅडम, काहीतरी करा ना.”

सत्यवतीने ऑटोकडे बोट दाखवलं. “घरी,” ती म्हणाली. आई वाट बघत असेल, पोरीने आता जावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पायल थबकली. तिने ओठावरून बोट फिरवून मिशी दाखवली, मग दूर रस्त्याकडे हात केला. बाबा, घरी? तिचे डोळे सत्यवतीच्या तोंडावर खिळले होते.

सत्यवतीला त्या डोळ्यांकडे बघवेना, आणि तिने मान खाली घातली.

पायलने त्याचा अर्थ हो असा घेतला. ती उडी मारून उठली, जड बॅग स्वतःच ओढत फाटकाकडे पळाली आणि मामाच्या आधी ऑटोत जाऊन बसली.

“पाहा,” नितेश हात जोडून म्हणाला, “तुमचं बरोबर समजते तिले.”

ऑटो चौकात वळेपर्यंत पायल बाहेर वाकून हात हलवत होती. सत्यवतीही हलवत राहिली.