चौथं दार

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि आता मला तीनच दारं उरली आहेत. चौथं माझ्या शेजारी मातीत पडलं आहे. गेलेल्या दाराचीच गोष्ट सांगायची आहे, कारण उरलेली तिन्ही सरळ स्वभावाची होती आणि सरळ स्वभावाच्यांची गोष्ट होत नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी आकाशी निळी होते. माझे मालक किल्लीवाले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. किल्ली हरवली, कडी अडकली, तिजोरी रुसून बसली की अख्खं गाव त्यांच्याकडे धाव घ्यायचं. त्यांच्या अवजारांची लोखंडी पेटी माझ्या पुढच्या सीटवर बसायची, अगदी पाहुण्यासारखी. त्यामुळे मालकीणबाई मागे डावीकडे बसायच्या आणि त्यांची मुलगी चिंगी त्यांच्या मांडीवर. पुढे ती मोठी झाली आणि मांडीवरून शेजारी सरकली. जाता-येता माझा रंग नखाने खरवडायची तिला खोडच होती. एकदा तिने कंपासपेटीतल्या कर्कटकाने माझी सीट फाडली. मालकीणबाईंनी तिला दोन धपाटे घातले आणि ती फाटलेली जागा हिरव्या दोऱ्याने शिवून टाकली. घरात दुसरा दोरा नव्हता. निळ्या गाडीत हिरवे टाके! मला फार लाज वाटायची तेव्हा.

मग मागचं डावं दार बिघडलं. आतला खटका तुटला आणि बाहेरची मूठ ओढली की कुलूप सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसायचं. पण मालकांनी युक्ती शोधून काढली. मूठ ओढायची नाही, वर उचलायची. कमरेने दार आत दाबायचं. मग एकदम सोडून द्यायचं, की दार आपणहून बाहेर यायचं.

"अहो, गावाची कुलूपं दुरुस्त करता, या दाराकडे कधी बघणार?" मालकीणबाई विचारायच्या.

"दुरुस्त कशाला? याच्याइतकं भारी कुलूप मी आजवर बनवलेलं नाही. चोराचा बाप आला तरी उघडणार नाही. फक्त आपल्या घरच्यांना उघडतं."

या युक्तीला ते 'घरची किल्ली' म्हणायचे. पाहुण्यांना मुद्दाम दार उघडायला लावायचे, पाहुणे ओढून ओढून घामाघूम झाले की चिंगी पुढे व्हायची आणि कमरेचा एक हिसका देऊन दार उघडायची. सगळे हसायचे. खरं सांगते, मीही हसायचे. आपल्या अंगातल्या खोडीचं कौतुक झालं की कुणाला आवडत नाही?

तो दिवस सुट्टीचा होता. चिंगी तापाने फणफणली होती म्हणून शेजारच्या काकूंकडे राहिली. मालक आणि मालकीणबाई एका नातेवाइकाला बघायला निघाले होते. कालव्याच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला, मालकांनी मला बाजूला घेतलं, कडेची माती खचली आणि मी पाण्यात उतरले. माझी उजवी बाजू कालव्याच्या दगडी भिंतीला घासून अडकली. मालकांचं डोकं आपटलं, त्यांची शुद्ध हरपली. मालकीणबाईंचीही. पुढची सीट त्या जड पेटीसकट मागे सरकली आणि त्यांचे पाय तिच्याखाली अडकले. पाणी हळूहळू चढत होतं.

माणसं लगेच धावून आली, मित्रांनो. कुणी बघत उभं राहिलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पुढच्या डाव्या दारातून त्यांनी मालकांना बाहेर ओढलं. पण मालकीणबाईंपर्यंत हात पोहोचेना. त्यांना काढायचं तर मागचं दार उघडायला हवं होतं.

"ओढा! अजून जोरात!"

"लॉक आहे हो! किल्ली बघा, त्यांच्या खिशात किल्ली बघा!"

मालकांच्या खिशात किल्ल्यांचा हा भलामोठा जुडगा निघाला. किल्लीवाल्याचा खिसा तो. ते एकेक किल्ली लावून बघत राहिले. घराची, दुकानाची, लोकांच्या कपाटांची, कुणाकुणाच्या पेट्यांची. मी ओरडत होते की मूठ वर उचला, आत दाबा, पण मोटारीला हॉर्न असतो, वाचा नसते, आणि हॉर्नही पाण्याखाली गेला होता. शेवटी कुणीतरी दगडाने काच फोडली. तोवर फार उशीर झाला होता.

मला क्रेनने उचलून एका गॅरेजात नेलं. काही दिवसांनी मालक आले, डोक्याला पट्टी, हाताला धरलेली चिंगी. ते लांबच उभे राहिले.

"दार... उघडलं असतं का हो?" त्यांनी विचारलं.

मेकॅनिक भला माणूस होता. त्याने माझ्याकडे वळूनही न बघता सांगितलं, "छे हो, साहेब. धक्क्याने पार जाम झालं होतं. ब्रह्मदेव आला असता तरी उघडलं नसतं."

मालकांनी मान हलवली. चिंगी मुठीकडे हात नेत होती, तर म्हणाले, "हात लावू नकोस गं," आणि तिला घेऊन गेले. मेकॅनिकच्या त्या एका वाक्याच्या आधारावर तो माणूस पुढची सगळी वर्षं जगत आला.

माझ्या पुढच्या आयुष्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. दलालाने मला पांढरा रंग फासला आणि एका बेकरीवाल्याच्या गळ्यात बांधलं. तो पावाचे ट्रे उजवीकडून भरायचा. डावं दार त्याने एकदा ओढून बघितलं, शिवी दिली आणि कायमचं सोडून दिलं. इंजिन थकल्यावर त्याने मला भट्टीच्या मागे उभं केलं. टायर बसले, पत्रा गंजला, मांजरींनी माझ्यात बाळंतपणं उरकली. त्या दाराला मात्र कुणी हात लावला नाही.

अखेर मला बचाव पथकाने भंगाराच्या भावात नेलं. अपघातात अडकलेल्या माणसांना गाडी कापून कसं काढायचं, ते तिथे नव्या जवानांना शिकवतात. आज माझी पाळी होती. मागच्या सीटवर डावीकडे एक रबरी बाहुला बसवला होता.

"यंत्र हातात घ्यायच्या आधी प्रत्येक दार हाताने उघडून बघायचं," प्रशिक्षक बजावत होते.

एका जवानाने ते दार ओढलं. "जाम आहे सर. कापू?"

त्याच्या मागे हेल्मेट घातलेली एक तरुणी उभी होती. बाहुला बघायला ती काचेशी वाकली आणि तिची नजर सीटवर खिळली. हिरवे टाके. तिने हातमोजा काढला, माझ्या पत्र्यावरचा पांढरा पोपडा नखाने खरवडला. खाली निळा निघाला. मित्रांनो, चिंगीला मी तिच्या नखावरून ओळखलं.

"थांब जरा," ती जवानाला म्हणाली.

तिचा हात मुठीवर आला आणि तिथेच थांबला. काय पणाला लागलं आहे, ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. उघडू नकोस, असं मी त्या दाराला विनवलं. आयुष्यभर अडून बसलंस, आज एकदा आणखी अडून बस.

तिने मूठ वर उचलली. कमरेने दाबलं. सोडलं.

दार उघडलं.

"अरे वा! हे कसं जमलं?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"आमची गाडी आहे, सर. आई यातच..."

प्रशिक्षकांनी जवानाला यंत्र खाली ठेवायला सांगितलं. मग बाकी सगळ्यांना चहाला घेऊन गेले. चिंगी माझ्या उंबऱ्यावर, त्या उघड्या दारात बसली आणि बराच वेळ रडली. मग तिने फोन लावला.

"बाबा, जेवलात का?... बाबा, आपली निळी गाडी दिसली आज. सरावाला आणली आहे."

फोनमधून थकलेला, बारीक झालेला आवाज आला. "आणि ते दार?"

"जाम आहे, बाबा. मी स्वतः बघितलं. आपली घरची किल्लीसुद्धा लावून बघितली, नाही उघडलं. कापावंच लागणार."

"बघ, मी म्हणत होतो ना," पलीकडे ते म्हणाले आणि रडू लागले. "कुणालाच उघडलं नसतं गं."

"नाही बाबा. कुणालाच नसतं उघडलं."

तिने ते दार पुन्हा लावलं. सगळे परत आल्यावर कापायचं यंत्र स्वतः मागून घेतलं आणि कुलपाच्या मधोमध चालवलं, मग बिजागऱ्या कापल्या आणि दार मातीत पडलं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. कधीतरी कुणीतरी ते करायलाच हवं होतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरात एखादी कडी, एखादा नळ, एखादं बटण फक्त घरच्यांनाच जमतं का? त्याचं कौतुक करू नका, आजच दुरुस्त करून घ्या. आणि माझं आणखी एक ऐका. गल्लीच्या तोंडाशी हातभर दुकानात बसणारे एक म्हातारे किल्लीवाले कधी भेटले आणि बोलता बोलता त्यांनी विचारलंच, तर एवढंच सांगा, की दार जाम होतं.