थोरप्पा म्हणणारं घर

येसाजीरावांनी संगणकावरचं जुनं अँटिव्हायरस काढून टाकलं आणि नवं घालून घेण्यासाठी कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधायला घेतला. इथंच त्यांनी माती खाल्ली. मुलीनं, यशस्विनीनं, बेंगळुरूहून बजावलं होतं की नवं आधी उतरवून ठेवा, मग नेट बंद करूनच जुनं काढा, आणि मशीन कुणाच्या हाती देऊ नका. पण मुलीचं ऐकतील तर ते येसाजीराव कसले!

नंबर लागला. पलीकडचा तरुण कन्नडात बोलत होता. येसाजीरावांचं नाव ऐकताच मात्र तो घरच्या मराठीवर आला.

"अय्यो, तुमी आपलेच की हो काका! सुम्ने निवांत बसा, मी करतो समदं. आमचे थोरप्पा बी असंच घाबरतात."

येसाजीराव खुर्चीत सैलावले. आजोबांना थोरप्पा म्हणणारं घर कानडी मुलखातल्या त्यांच्या साऱ्या मराठी समाजात एकच, येलवाल गावचं. बारा वर्षं ते एकशे चाळीस घराण्यांची वंशावळ जमवत होते. हे त्यांना नाही कळणार तर कुणाला? त्यानं सांगितलेलं ॲप उघडून त्यांनी पडद्यावरचा आकडा तरुणाला वाचून दाखवला आणि संगणक त्याच्या ताब्यात दिला.

अर्ध्या तासात वंशावळीच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं. पडद्यावर खंडणीची मागणी तेवढी उरली. दुसरी प्रत नव्हती. पुरी झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही, ही त्यांचीच ऐट.

दुसऱ्या दिवशी यशस्विनी आली आणि त्यांना सायबर पोलिसांकडे घेऊन गेली.

"माणूस सापडला तर फायली सुटतील," अधिकारी कन्नडात म्हणाला. "कोणत्या भाषेत बोलला तो?"

त्या पोराचं मानगूट धरावं इतका संताप येसाजीरावांच्या मनात होता. पण त्यांना येलवालचा म्हातारा, त्या पोराचा थोरप्पा, आठवला. त्यानं दुपारभर बसून सात पिढ्यांची नावं सांगितली होती, आग्रहानं जेवायला वाढलं होतं, आणि निघताना बस येईपर्यंत उन्हात उभा राहिला होता. त्याच्या दारात पोलिसांची जीप उभी राहणार, तीही आपण पाठवलेली.

"हिंदीत," ते म्हणाले.

"काही खूण? एखादा वेगळा शब्द?"

"इल्ल." त्यांनी नकारार्थी मान हलवली.

यशस्विनीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर येईपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला.

"अप्पा, मराठी बोलला म्हणून काल तुमीच सांगितलं ना मला? मग तिथं हिंदी म्हणून सुळ्ळु का सांगितलं? बारा वर्षांचं काम तुमचं!"

येसाजीराव वाकून चपलेचा पट्टा लावत राहिले. तो लागत नव्हता.

"कोण हाय तो, ठावं हाय तुमाला," ती म्हणाली.

"हाय ठावं. वंशावळीत नाव हाय त्याचं," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच आठवलं. "होतं."