धाकटीतली खुर्ची

"हे कापलं कुणी?"

जुन्या गाड्या जमवणारे ते गृहस्थ गाडीशेजारी उकिडवे बसून दाराखालच्या पत्र्यावरून बोट फिरवत होते. तिथला पत्रा चांगला चार बोटं खाली कापला होता आणि कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. शेडमध्ये अजून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

"मीच," लिफ्टकाका म्हणाले.

"आणि ही खुर्ची?"

"घरीच केलीय. मूळची सीट माळ्यावर आहे, नीट बांधून ठेवलीय."

"माळ्यावर ठेवून काय उपयोग काका? अहो, इंजिन मूळचं, डायल मूळचे, स्टिअरिंगचं लाकूडसुद्धा मूळचं. ब्रेक तुम्ही नवे बसवलेत, ते एक वेळ चालेल, ब्रेक परत बदलता येतात. पण पत्रा कापलात!" गृहस्थ उठले आणि त्यांनी पँट झटकली. "मी तुमच्या मुलीला आधीच सांगितलं होतं. जशी होती तशी असेल तरच नेईन."

"सांगितलं होतंत," काकांनी कबूल केलं. वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. गेले कित्येक दिवस पाठ धरली होती आणि उजव्या हाताची बोटं सकाळी उघडायलाच तयार नसत.

गृहस्थ वाईट नव्हते. जाता जाता त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "एवढी वर्षं घातलीत हो. शेवटी शेवटी असं का केलंत?" उत्तरासाठी ते थांबले नाहीत, हे एक बरं झालं.

लेक दारातच उभी होती. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे रागावतानासुद्धा आवाज न चढवता रागवायची.

"बाबा, उद्या गवंडी येणार आहेत. ही भिंत पाडायची, तिकडे बाथरूम काढायचं, आईचा पलंग इथे लावायचा. सगळं ठरलंय ना? मग आता ही कुठे ठेवायची?"

"बाहेर. रस्त्याच्या कडेला."

"सडेल तिथे."

"सडेल," काका म्हणाले.

लिफ्टकाकांचा जन्म इतरांना वर नेण्यात गेला. दवाखाने, कचेऱ्या, बारा-बारा मजल्यांच्या इमारती, सगळीकडे त्यांनी लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. कुठे दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की काकांना फोन यायचा. स्वतः मात्र ते जन्मभर शेडवरच्या दोन खोल्यांत राहिले आणि अरुंद जिन्याने चढत-उतरत राहिले. त्या जिन्यात लिफ्ट बसणार नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला कळणार?

गाडी त्यांना अशाच एका इमारतीच्या तळघरात मिळाली होती. दोनच माणसांची, उघडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. एके काळी शर्यतीत पळलेली म्हणे. आता तिच्यावर रंगाचे रिकामे डबे रचून ठेवले होते. मालक म्हणाला, ने बाबा, जागा तरी मोकळी होईल. काका तिला दोरीने ओढत घरी घेऊन आले तेव्हा लेक पाटी-दप्तराच्या वयाची होती आणि काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "ही कोण?"

मग काकूंनीच तिला सवत ठरवून तिचं नाव ठेवलं, धाकटी; थोरली त्या स्वतः. "थोरलीला सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला पाठवायचं आणि धाकटीला पॉलिश करत बसायचं! चालू द्या!" असं म्हणत त्या चहा मात्र शेडमध्येच आणून द्यायच्या. काका म्हणायचे, जरा बसून तर बघ. त्यावर काकूंचं ठरलेलं उत्तर असे. "पुरी झाली की बसेन. अर्धवट गाडीत बसायला मी काय स्पेअर पार्ट आहे?"

ती पुरी व्हायला जन्म गेला. कधी एखादा भाग मिळत नसे, कधी जादा पाळी लागे, कधी काका नुसतेच दमलेले असत. गाडी रंगापर्यंत आली आणि काकूंना झटका आला. उजवं अंग गेलं. शब्द राहिले, पण एकेक करून, दम खात यायला लागले. तेव्हापासून त्या वरच्या खिडकीशी होत्या. खाली उतरायच्या त्या फक्त डॉक्टरकडे, तेही दोघांनी उचलून नेलं तर.

एकदा काका समोर बसून त्यांना भरवत होते. काकूंनी घास थांबवला आणि विचारलं, "धाकटी... झाली?"

बस्स, एवढंच. काका त्या दिवशी शेडमध्ये गेले आणि गाडीकडे बघत नुसते उभे राहिले. गाडी झाली होती. पण तिच्यात बसायचं म्हणजे धडधाकट माणसानेही विहिरीत उतरल्यासारखं उतरायचं. काकू त्यात बसणार कशा? मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. लिफ्टच्या दारांची एक जुनी मोटर शोधली, स्क्रू, रूळ जमवले आणि अशी खुर्ची तयार केली, की बटण दाबलं की ती दाराबाहेर वळून वर यायची, माणूस बसला की सावकाश खाली जाऊन आत शिरायची. पत्रा आड येत होता. पत्रा कापताना काकांना रडू आलं, आणि कापून झाल्यावर बरं वाटलं. दोन्ही खरं होतं.

"आईला खाली आणू या," काका आता लेकीला म्हणाले. "आजच. उद्यापासून इथे मातीचे ढीग पडतील."

लेक खुर्चीकडे बघत राहिली. पत्रा कशासाठी कापला, ते तिला आत्ता कळलं असावं. "आधी बोलला असतात तर," ती पुटपुटली, आणि शेजारच्यांना हाक मारायला गेली.

काकूंना घरातल्या साध्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं तेव्हा शेजारी घामाघूम झाले. काकूंनी चांगली साडी नेसायचा हट्ट धरला होता आणि केसही विंचरून घेतले होते. धाकटीला त्यांनी नीट वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"रंग... बरा आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी बटण दाबलं. खुर्ची कुरकुर न करता वळली, बाहेर आली, वर चढली. शेजारी "वा!" म्हणाले. लेकीने काकूंना धरून उभं केलं.

"आता ती मूठ धर," काका म्हणाले, "आणि टेक."

काकू मुठीकडे बघत राहिल्या. मूठ खुर्चीच्या उजव्या बाजूला होती. काकूंचा उजवा हात पदराखाली निर्जीव लोंबत होता.

काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते मटकन रंगाच्या डब्यावर बसले. वर्षभर समोर बसून त्यांनी काकूंना भरवलं होतं, औषध दिलं होतं, आणि समोरून काकूंचा चांगला, डावा हात काकांच्या स्वतःच्या उजवीकडे दिसायचा. डोक्यात उजवा तेवढा बसला. आणि खुर्ची करताना तालीम घेतली ती स्वतः बसून. लोखंडाला लोखंड जोडलेलं, आता हलणार नव्हतं. इतक्या इमारतींत त्यांनी बटणं लावली, एक चुकलं नाही. चुकलं ते घरात.

"उद्या... उद्या काढून डावीकडे लावतो," ते म्हणाले. उद्या गवंडी येणार हे त्यांना माहीत होतं. "मी थकलो गं. खरंच थकलो."

लेक आईला स्वतःच बसवायला लागली, पण काकूंनी डाव्या हाताने तिला थांबवलं.

"इकडे... या," त्या काकांना म्हणाल्या.

काका उठून जवळ गेले. काकूंनी त्यांची कॉलर मुठीत पकडली, चांगली घट्ट, आणि सगळा भार त्यांच्या खांद्यावर टाकून खुर्चीत बसल्या. काकांची पाठ कळवळली, पण ते हलले नाहीत. लेकीने बटण दाबलं. खुर्ची खाली जायला लागली. काकूंनी कॉलर सोडली नव्हती, म्हणून काकाही वाकत वाकत खाली गेले.

"कितवा... मजला?" काकूंनी विचारलं.

शेजारी खो खो हसले. लेकीने तोंड फिरवून डोळे पुसले.

काका वळसा घालून स्टिअरिंगकडे गेले आणि गुडघे दुमडत, कण्हत आत बसले. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गाडी शेडमधून बाहेर आली तशी उन्हाने काकूंचे डोळे मिटले, मग हळूहळू उघडले.

रस्ता सरळ होता. दुकानांपुढची माणसं मान वळवून बघत होती. काकू एकेका पाटीकडे, झाडाकडे, कुत्र्याकडे बघत होत्या, जणू कुणी मोजदाद करायला सांगितली होती. काकांनी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. तेवढ्यात रस्त्यातल्या एका खड्ड्याने काकूंचा उजवा हात मांडीवरून घसरला आणि गिअरच्या दांड्यावर येऊन पडला.

काकूंना ते कळलं नाही. त्या दुसरीकडे बघत होत्या.

इंजिन तिसरा गिअर मागत होतं. आवाज चढला होता. हात उचलून परत मांडीवर ठेवायचा, एवढंच काम होतं. काकांनी हात पुढे केला, आणि काकूंच्या हातावर तो तसाच ठेवला.

"हळू... का?" काकूंनी विचारलं.

"ब्रेक नवे आहेत," काका म्हणाले. "बसायला वेळ लागतो त्यांना."

मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून जात होत्या. काका धाकटीला दुसऱ्याच गिअरवर चालवत राहिले.